नव्वद दिवसांची जखम

बॉक्सिंग महासंघाचं पत्र गुरुवारी आलं आणि शनिवारपर्यंत घरातल्या प्रत्येकाने ते एकदा स्वतः वाचून पाहिलं. वाचणारा बदलला की मजकूर बदलेल अशी कुणाची समजूत नव्हती, पण वाचून बघायला काही जात नव्हतं. हे पाचवं पत्र. आधीच्या चारांसारखंच जाड, गुळगुळीत कागदावर. वर सोनेरी पट्टा आणि पट्ट्यात पृथ्वीचा गोल. या वजनाचे जगज्जेते जगात चार होते, प्रत्येक महासंघाचा एक, आणि चौघांच्याही कागदावर पृथ्वीचा गोल होता. पृथ्वी एकच असल्यामुळे तिची फार ओढाताण होत असावी.

मजकूर असा होता: चॅम्पियनला सरावात डाव्या भुवईवर जखम झाली आहे, डॉक्टरांनी नव्वद दिवस विश्रांती सांगितली आहे, सबब पुढच्या महिन्यातली सक्तीची लढत लांबणीवर टाकण्यात येत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, हरकत असल्यास शनिवारी सायंकाळी पाच वाजता फोनवर सुनावणी होईल. सोबत जखमेचा रंगीत फोटो जोडला होता.

नव्वद दिवसांचा अर्थ घरात कुणाला समजावून सांगावा लागला नाही. एक्केचाळीस दिवसांनी धाकट्याला पस्तीस वर्षं पूर्ण होत होती. आणि पस्तिशी गाठेपर्यंत ज्याने किताबाची एकही लढत खेळली नाही त्याचं नाव आव्हानवीरांच्या यादीतून आपोआप निघतं, असा महासंघाचा नियम होता. धाकटा तीन वर्षं त्या यादीत पहिला होता. पहिल्याला सक्तीचा आव्हानवीर म्हणतात. चॅम्पियनने त्याच्याशी लढलंच पाहिजे, नाहीतर पट्टा खाली ठेवला पाहिजे. "सक्ती आहे हे खरं," त्याची थोरली बहीण म्हणायची, "फक्त ती आपल्यावर आहे."

पहिल्यांदा चॅम्पियनने आपल्या पसंतीच्या माणसाशी आधी लढायची परवानगी काढली. तो माणूस यादीत चौदावा होता आणि चौथ्या फेरीत फारसं मनावर न घेता खाली बसला. दुसऱ्यांदा चॅम्पियनला दुसऱ्या महासंघाच्या चॅम्पियनशी लढून दोन्ही पट्टे एक करायचे होते. पट्टे एक झाले नाहीत, पण त्या बोलण्यात अकरा महिने गेले. तिसऱ्यांदा खांदा दुखला. चौथ्यांदा चॅम्पियनच्या माणसांनी लढतीच्या जागेवरून कोर्टातून मनाई आणली, आणि धाकटा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वजनात, कुलूप घातलेल्या स्टेडियमच्या फाटकाला हात लावून परत आला.

घरात जखमांचा अधिकार काकाचा. काका म्हणजे दादाचा पाठचा भाऊ, आणि दादा म्हणजे धाकट्याचा बाप. एके काळी याच महासंघाचा, याच वजनाचा सहा वर्षं जगज्जेता. ती सहाही वर्षं काका त्याच्या कोपऱ्यात होता. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट मिळतं. त्यातली दहा सेकंदं लढणारा स्टुलापर्यंत येण्यात घालवतो आणि दहा उठण्यात. उरलेल्या चाळीस सेकंदांत त्याचं रक्त थांबवायचं, हा काकाचा धंदा. कानामागे कापसाच्या काड्या, हाताच्या पाठीवर व्हॅसलीनचा थर, आणि बर्फात ठेवलेली लोखंडी पट्टी, सूज दाबायला. लोक त्याला कापूसकाका म्हणत. बासष्टाव्या वर्षी त्याला स्वतःचं खरं नाव ऐकू आलं की बँकेतून बोलावणं आलं असेल असं वाटे.

गुरुवारी काकाने फोटो पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला, आणि खाली व्यायामशाळेत जाऊन आधीच स्वच्छ असलेल्या बादल्या घासत बसला.

ठोशाने भुवई फुटते तेव्हा कडा फाटतात, भोवती सूज धरते, कातडी काळीनिळी पडते. डोक्याला डोकं लागलं तर वेडीवाकडी चांदणी उमटते. ही जखम सरळ होती. एका टोकाला खोल, दुसऱ्याकडे निमुळती होत गेलेली, आणि बरोबर भुवईच्या वरच्या काठावर, म्हणजे पुढे व्रण केसांत लपावा. सूज नावाला नव्हती. ती पात्याने केलेली होती, आणि करणाऱ्याला भुवईवर कुठे रक्त भरपूर येतं आणि कुठे जखम लवकर भरते हे नीट ठाऊक होतं. एवढं ठाऊक असलेली माणसं काकाच्या ओळखीत फार नव्हती. त्यातल्या एकाला तो रोज दाढी करताना आरशात पाहत असे.

शनिवारी साडेतीनला सगळे खाली जमले. फोन खाली होता म्हणून. व्यायामशाळा त्या दिवशी बंद ठेवली होती, तरी हॉलला नेहमीचा वास होता. घाम, चामडं आणि दुखण्यावरच्या मलमाचा. छताला टांगलेल्या पिशव्या स्थिर होत्या. वहिनींनी, म्हणजे दादाच्या बायकोने, चहा आणला. धाकट्याने अर्धा कप घेतला, बिनसाखरेचा. तो रिंगच्या काठावर पाय सोडून बसला होता आणि हाताला पट्ट्या गुंडाळत होता. सराव नव्हता, पण हातांना दुसरं काही सुचत नसावं.

बोलायला सुरुवात जावयाने केली. जावई, म्हणजे थोरलीचा नवरा, विम्याचा एजंट होता, आणि या घरात तो एकटाच असा होता की ज्याला आयुष्यात कुणी ठोसा मारलेला नव्हता. त्यामुळे त्याच्या मताला वजन कमी. त्याला ते माहीत होतं, म्हणून तो नेहमी दुसऱ्याचं मत घेऊन येई. आज तो चॅम्पियनच्या प्रमोटरचं घेऊन आला होता. प्रमोटरचा माणूस त्याला काल भेटला होता. चॅम्पियन बरा होऊन उतरेल त्या संध्याकाळी धाकट्याला त्याच कार्यक्रमात आधीची लढत द्यायची. आणि त्यानंतर सहा महिन्यांत किताबाची. वयाच्या नियमातून खास सूट मिळवायचं काम प्रमोटर स्वतः करेल. अट एकच. आज पाचच्या आत हरकत मागे घ्यायची. सुनावणी झाली तर प्रस्ताव रद्द.

थोरलीने विचारलं, लेखी आहे का. ती वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होती आणि नवऱ्यालाही लग्नाआधी हेच विचारून झालं होतं. जावई म्हणाला, शब्द दिलाय. थोरलीने पर्समधून महासंघाची नियमपुस्तिका काढून मांडीवर ठेवली. तिच्या मते उत्तर देऊन झालं होतं.

"जावईबापू बरोबर बोलतायत," दादा म्हणाला.

वहिनींनी हातातला ट्रे बाकावर ठेवला. नऊ वर्षांत दादाने जावयाला कधी बापू लावलं नव्हतं. इतकी वर्षं तो त्याला 'विमा' म्हणत आला होता, तेही पाठमोरा असताना. जावई इतका गोंधळला की त्याने स्वतःच्याच प्रस्तावातल्या दोन त्रुटी काढल्या. दादाने त्या हाताने झटकल्या. महासंघाशी भांडून कुणाचं भलं झालंय, तो म्हणाला. मी आतून पाहिलाय, दगडावर डोकं आपटायचं काम आहे. मिळतंय ते पदरात पाडून घ्या. गेली तीन वर्षं ज्याने महासंघाच्या प्रत्येक पत्राला शिव्यांनी उत्तर दिलं आणि थोरलीने त्या शिव्या वगळून टाइप केल्या, तो हा माणूस.

काका भावाकडे बघत होता. गुरुवारी दादानेही फोटो हातात घेतला होता. एकदाच. नंतर त्याने तो उपडा ठेवला आणि कशावर तरी वहिनींना रागावला. बासष्ट वर्षांच्या सहवासात माणूस काय बोलतो यापेक्षा तो कशावर रागावतो हे जास्त कळायला लागतं.

थोरलीचंही लक्ष काकाकडेच होतं.

"काका, तू का गप्प? खांद्याच्या वेळी तू तासभर बोलत होतास. खांदा कुठल्या दिशेला दुखायला हवा हेसुद्धा करून दाखवलंस. या वेळी नुसत्या बादल्या घासतोयस."

काका म्हणाला, बादल्या घाण झाल्या होत्या.

"फोटो बघ आणि सांग."

"बघितलाय."

"मग?"

काकाने दादाकडे पाहिलं. दादा घड्याळाकडे पाहत होता. चार वाजून पाच मिनिटं.

"पात्याची आहे," काका म्हणाला.

धाकट्याचा पट्टी गुंडाळणारा हात थांबला.

फोटोवरून काय कळतं, असं दादा म्हणाला. काका म्हणाला, सूज नाही. दादा म्हणाला, बर्फ लावला असेल. काका म्हणाला, बर्फाने कड सरळ होत नाही. दोघं इतक्या हळू बोलत होते की जावयाला वाटलं, भांडण मिटलं.

थोरलीला तेवढं पुरलं. तिने पुस्तिका उघडली. जखमेबद्दल साक्ष देण्याचा अधिकार परवानाधारक डॉक्टराला किंवा परवानाधारक कोपरा-साहाय्यकाला, असं कलम होतं. काकाचा परवाना चाळीस वर्षांचा होता. दर वर्षी तो नूतनीकरणाला नवा फोटो देई आणि महासंघ जुनाच लावत असे. ती म्हणाली, मग झालंच तर. पाच वाजता काका बोलेल. तिचा आवाज चढला होता. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हाताला काहीतरी लागलं होतं. वयाचं कलमही एकदा बघून ठेवू, म्हणून तिने पानं उलटली, बोट ठेवून ते मोठ्याने वाचलं, आणि वाचण्याच्या ओघात खालची बारीक टीपही वाचली.

"सदर कलम अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीने समाविष्ट. सूचक: तत्कालीन चॅम्पियन."

वजाबाकी फार अवघड नव्हती. जावयाने ती बोटांवर केली, बाकीच्यांनी न करता.

"बाबा, हे तुम्ही घातलंत?" थोरलीने विचारलं.

तेव्हाची परिस्थिती वेगळी होती, दादा म्हणाला. खेळाडूंच्या प्रकृतीचा विचार होता. पस्तिशीनंतर माणसाला पहिल्यांदाच किताबाच्या लढतीत उभं करणं धोक्याचं, असं डॉक्टरांचंही मत होतं. हे सगळं तो भाषणात बोलावं तसं बोलला. त्या वेळी ते भाषण असणारच.

मग वहिनी उठल्या, रिकामे कप गोळा करायला लागल्या, आणि कपांकडेच बघत म्हणाल्या, "भावोजी, पात्याचं तुम्ही सांगताय की मी सांगू?"

काकाला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"मला काय माहीत असणार, असंच ना," वहिनी म्हणाल्या. "तो टॉवेल मी धुतला. रक्ताने भरलेला होता आणि घामाचा एक ठिपका नव्हता. सराव करताना लागलं म्हणालात दोघं. सहा वर्षं मी या घरातले टॉवेल धूत होते, भावोजी. बिनघामाचा तो एकच."

अठ्ठावीस वर्षं काकाने हे गुपित फार जपलं होतं. त्यासाठी तो दोनदा दारू सोडून बसला. ते गुपित धुण्याच्या दोरीवर वाळत होतं, हे त्याला आज कळलं.

मग त्याने सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतंच. तेव्हा यादीत पहिला एक सुतार होता, डावखुरा, दिवसा दारं-खिडक्या करायचा आणि संध्याकाळी सराव. दोन वर्षं तो सक्तीचा आव्हानवीर होता. दादाने त्याच्या लढतीची फिल्म मागवून तीनदा पाहिली आणि चौथ्यांदा मागवली नाही. मग आवडीचा प्रतिस्पर्धी झाला, पट्टे एक करणं झालं. सगळं हेच, याच क्रमाने. महासंघ आणखी ढकलेना. तेव्हा एका मंगळवारी सकाळी, याच हॉलमध्ये, आतून कडी लावून, दादा स्टुलावर बसला आणि काकाने त्याची भुवई कापली. पातं नवं होतं. हात थरथरला नाही, हे काकाने मुद्दाम सांगितलं नाही, पण सगळ्यांना ते कळलं. डॉक्टरने नव्वद दिवस लिहिले. त्या नव्वद दिवसांत वयाचा नियम मंजूर झाला. सुतार तेव्हा चौतीस वर्षं दहा महिन्यांचा होता.

त्यातलं एक वाक्य काकाने गाळलं. पातं टेकवलं तेव्हा दादा म्हणाला होता, जरा वर घे, केसांत जाईल.

"मग त्याचं काय झालं?" धाकट्याने विचारलं.

"सुताराचं?"

"हो."

"तो अजून दोन वर्षं वजनात राहिला," काका म्हणाला. "नियम बदलतील म्हणून."

धाकट्याने मान हलवली. त्याला दोन वर्षं वजनात राहणं म्हणजे काय हे या हॉलमध्ये सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

आता घराचे दोन तट पडले, पण ते सकाळी कुणी आखून दिले असते तसे नव्हते. जावई दादाच्या बाजूला गेला आणि दादाला त्याचीच लाज वाटायला लागली. थोरली काकाच्या बाजूला होती, पण काकाकडे बघत नव्हती. वहिनी कुठल्याच बाजूला नव्हत्या. त्या कप विसळत होत्या आणि विसळलेलेच पुन्हा विसळत होत्या. जावयाने एकदा धीर करून विचारलं की काकांना एवढी खात्री कशी हे पुढच्याने विचारलं तर काय सांगायचं. थोरली म्हणाली, विचारलं तर अनुभव सांगायचा, चाळीस वर्षांचा. सूज नाही, कड सरळ, बस. त्यापलीकडे एक शब्द नाही. काका, कळलं ना?

काकाला कळलं होतं.

"प्रस्ताव घे," दादा धाकट्याला म्हणाला. त्याच्या आवाजात आता भाषण नव्हतं. "ऐक माझं. निदान उतरशील तरी. लोक बघतील. यात काही निघायचं नाही."

"माझ्यासाठी सांगताय का तुमच्यासाठी?"

दादाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि काकाने पाहिलं की भावाला खरंच ठाऊक नव्हतं. पाच वाजायला सात मिनिटं होती. सहा वर्षं जगज्जेता राहिलेला माणूस हातपाय आखडून बाकावर बसला होता आणि मनातल्या मनात आपल्याच पोटच्या पोराच्या लढतीत कुठल्या कोपऱ्यात उभं राहायचं हे शोधत होता.

धाकट्याने हाताची पट्टी सोडली, गुंडाळी केली, बाजूला ठेवली.

"काका, तू बोल," तो म्हणाला.

फोन बरोबर पाचला वाजला. महासंघ वक्तशीर होता. थोरलीने आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा लावून फोन टेबलावर ठेवला. पलीकडे सचिव होते. आवाज मऊ, प्रत्येक वाक्याला दिलगिरीची झालर. त्यांनी आधी चॅम्पियनसाहेबांची, म्हणजे दादाची, प्रकृती विचारली. लहानपणी त्यांनी दादाची एक लढत झाडावर बसून पाहिली होती. ती आठवण त्यांनी पूर्ण सांगितली, झाडासकट. मग ते म्हणाले, हं, आता हरकत.

काकाने परवान्याचा क्रमांक सांगितला आणि ठरलं होतं तेवढंच बोलला. सूज नाही, कड सरळ.

सचिवांनी ते लिहून घेतलं. लिहिताना ते शब्द पुटपुटत होते, म्हणून काकाला दोन शब्द दुरुस्तही करता आले. मग त्यांनी विचारलं की डॉक्टरांच्या दाखल्यात सूज बर्फाने उतरवली असं नमूद आहे; डॉक्टरांनी जखम प्रत्यक्ष पाहिलीय, तुम्ही फोटोत; तरी आपण एवढ्या खात्रीने सांगता, त्याचा आधार काय?

अनुभव, काका म्हणाला. चाळीस वर्षांचा.

"अनुभव डॉक्टरांनाही आहे," सचिव म्हणाले. "कोपऱ्यातल्या माणसाला रक्त थांबवण्याचा अनुभव असतो. आपल्याला पात्याच्या जखमेचा कुठला? वाईट वाटून घेऊ नका, मला कागदावर काहीतरी लिहावं लागेल. नाहीतर हरकत फेटाळली असं लिहावं लागेल, आणि ते मला आवडणार नाही."

थोरली नको नको म्हणून मान जोरजोरात हलवत होती. काकाने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होता ती काकाच्या ओळखीची होती. फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात, डोळ्यात रक्त उतरलेलं असताना, लढणारा अशीच मान वर करून बघतो. त्या नजरेला काकाने उभ्या आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नव्हतं. तो धंदाच तसा. समोरून चेहरा पुढे आला की हात आपोआप जातो.

"अशी जखम मी स्वतः केलीय," काका म्हणाला. "अठ्ठावीस वर्षांपूर्वी. दादाची. महासंघाने तिला नव्वद दिवस दिले होते."

पलीकडे लिहिणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, आणि बराच वेळ चाललं.

सचिव शेवटी बोलले तेव्हा त्यांचा आवाज अधिकच मऊ झाला होता. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल महासंघ आभारी आहे, ते म्हणाले. मात्र खेळाडूला हेतुपुरस्सर इजा केल्याची कबुली ही परवान्याच्या शर्तींचा भंग ठरते. सबब आपला परवाना या क्षणापासून रद्द झाला आहे. परवाना नसलेल्या व्यक्तीची जखमेबद्दलची साक्ष विचारात घेता येत नाही. तेव्हा आत्ताची साक्ष वगळावी लागेल. साक्ष वगळली की हरकतीत फक्त फोटो उरतो, आणि फोटो महासंघानेच पाठवलाय.

थोरलीने म्हटलं की साक्ष वगळली तर कबुलीही वगळायला हवी, आणि कबुली वगळली तर परवाना शाबूत राहतो. सचिवांनी तिचं मनापासून कौतुक केलं. असा मुद्दा यापूर्वी कुणी काढला नव्हता. तो पुढच्या वार्षिक सभेत ठेवता येईल. सभा सात महिन्यांनी होती.

"आणि चॅम्पियनसाहेबांच्या बाबतीत निश्चिंत राहा," ते म्हणाले. "जुन्या गोष्टी महासंघ उकरत नाही. तो निर्णय आमच्याकडे फार मानला जातो. भुवईच्या जखमेला नव्वद दिवस, हा आकडा तिथूनच आलाय. नाहीतर आम्ही आत्ताच्या चॅम्पियनला साठ दिले असते."

साठ दिले असते तरी धाकट्याची पस्तिशी आधीच उलटली असती. पण सचिवांना आपल्याकडून काहीतरी चांगलं सांगायचं होतं. त्यांनी सगळ्यांना नमस्कार सांगितला आणि फोन ठेवला. पाच वाजून एकोणीस मिनिटं झाली होती.

जावयाचा मोबाईल पाच बावीसला वाजला. त्याने ऐकलं, हो म्हणाला, हो म्हणाला, आणि खिशात ठेवला. काय म्हणाले हे त्याला कुणी विचारलं नाही. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर कुणीतरी ठोसा मारल्यासारखा भाव होता, आणि त्यामुळे तो जरा घरातला वाटायला लागला होता. थोरली पुस्तिका पर्समध्ये घालायला गेली. ती आत जाईना, तरी ती घालत राहिली. मग तिने ती बाकावर तशीच टाकली आणि नवऱ्याला म्हणाली, चल. जाताना तिने काकाच्या खांद्यावर हात ठेवला. बापाकडे ती वळली नाही.

वहिनी वर जायच्या जिन्यापाशी उभ्या राहिल्या. धाकटा रिंगच्या काठावरून उतरला आणि बापासमोरच्या बाकावर येऊन बसला. दोघांचे गुडघे जवळजवळ टेकत होते. काकाला वाटलं आपण निघून जावं, पण दार त्या दोघांच्या पलीकडे होतं.

"बाबा, त्या सुताराला तुम्ही हरवलं असतं?"

दादाने हाताने भुवई चोळली. व्रण केसांत होता, दिसत नव्हता.

"नाही," तो म्हणाला.

"एकदासुद्धा वाटलं नाही, जमेल म्हणून?"

"फिल्म तीनदा पाहिली. तिन्ही वेळा हरलो."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"हा चॅम्पियन माझी फिल्म बघत असेल?"

"बघतो," दादा म्हणाला. "त्याशिवाय माणूस स्वतःची भुवई पुढे करत नाही."

चौतीस वर्षांत दादाने मुलाच्या खेळाबद्दल चांगला शब्द काढलेला काकाने ऐकला नव्हता. पाय चुकतोय, हनुवटी वर आहे, डावा हात झोपलाय का. घरातली बाराखडी ती. आणि आज तो बोलला. काका खाली बघत राहिला. धाकट्याने ते ऐकलं, पूर्ण ऐकलं, आणि कुणी पत्ता सांगितल्यावर हलवावी तशी मान हलवली.

मग तो उठला आणि जिन्यापाशी गेला.

"आई, उद्या पाचला उठू नकोस," तो म्हणाला. "मी धावायला जाणार नाही."

"जाग येईलच रे," वहिनी म्हणाल्या.